यंत्रही कळावे, हिशेबही कळावा

दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या पलीकडे, द्वारका ही मोठी उपनगरी वसली आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने आखलेले रस्ते, नावांऐवजी आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर आणि सहकारी सोसायट्यांच्या उंच इमारती. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आलेली आणि इथलीच होऊन गेलेली अनेक मराठी कुटुंबेही राजधानीच्या अशा वसाहतींत सापडतात.

या द्वारकेतल्या सरकारी विद्यापीठांपैकी दोन पाहू. सेक्टर ३ मधले नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ १९८३ साली दिल्ली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणून सुरू झाले आणि २०१८ साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दुसरे सेक्टर १६-सी मधले गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ. त्याची स्थापना १९९८ सालची. दोन्ही ठिकाणी अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन हे दोन्ही विषय शिकवले जातात. एका इमारतीत यंत्राचा विचार चालतो, तर दुसरीत बाजाराचा.

आपली मुले शिकायला परदेशी जातात हे घरोघरी ठाऊक आहे. परदेशातली मुले आपल्याकडे शिकायला येतात, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे २०२१-२२ या वर्षी भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत सर्वाधिक, म्हणजे सुमारे २८ टक्के, नेपाळचे होते. त्याखालोखाल अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश आणि संयुक्त अरब अमिरातीचे होते.

घरापासून इतक्या दूर आलेला विद्यार्थी नुसता इंजिनिअर होऊन समाधान का मानत नाही? अभियांत्रिकीच्या जोडीला व्यवसायाचे शिक्षणही हवे, असे त्याला का वाटते? हा प्रश्न द्वारकेत शिकणाऱ्या परदेशी मुलाचा आहे, तसाच पुण्याहून बोस्टनला निघालेल्या मराठी मुलीचाही आहे. घरातली साठवण आणि बँकेचे कर्ज पणाला लावण्याआधी त्याचे उत्तर समजून घेणे पालकांच्या हिताचे आहे.

शिक्षण संपल्यावर काय?

पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला त्या देशात कायम राहता येईल, याची कोणी हमी देत नाही. भारतात विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. पदवीनंतर नोकरी करायची, तर वेगळा व्हिसा लागतो आणि त्याला किमान पगाराची अट असते. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलाला एवढा पगार मिळणे कठीणच. नेपाळी विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या करारामुळे दोन्ही देशांचे नागरिक एकमेकांकडे राहू शकतात, काम करू शकतात. पण आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्याला शिक्षण संपले की बहुधा परतीचे तिकीट काढावे लागते.

परतल्यावर त्याला काय दिसते? लहान देशात मोठे कारखाने मोजकेच. महाविद्यालयाच्या आवारात येऊन मुले निवडणाऱ्या कंपन्याही कमी. एखाद्या छोट्या कारखान्यात जागा मिळाली, तर तिथे इंजिनिअरने नुसते यंत्र सांभाळून भागत नाही. मालाचे दरपत्रक त्यालाच तयार करावे लागते, सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात, बँकेच्या अधिकाऱ्याला कर्जाची गरज पटवून द्यावी लागते. स्वतःचा उद्योग काढायचा झाला, तर ही सगळी कामे पहिल्या दिवसापासून अंगावर पडतात. म्हणून परतणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरे शिक्षण चैनीचे वाटत नाही. ती त्याची गरजच असते.

अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी व्हिसाचा हिशेब आणखी वेगळा आहे. तिथे पदवीनंतर साधारण १२ महिने आपल्या विषयात प्रत्यक्ष काम करण्याची परवानगी मिळते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवीधरांना २०१६ साली आखलेल्या नियमाने आणखी २४ महिने मागता येतात. म्हणजे इंजिनिअरला तीन वर्षे, तर साध्या एमबीएला एकच. कर्ज फेडायला तीन वर्षे मिळणे आणि एक वर्ष मिळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्याला व्यवसाय शिकायचा आहे, तोही अभियांत्रिकीचा हात का सोडत नाही, याचे एक उत्तर इथे मिळते. मात्र असे नियम सरकारच्या धोरणाबरोबर बदलतात. प्रवेश घेताना असलेला नियम पदवीच्या दिवशी तसाच असेल, असे गृहीत धरू नये.

न खपलेला नांगर

दुसरे कारण समजण्यासाठी महाराष्ट्राच्याच इतिहासात डोकावायला हवे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे हाडाचे यंत्रज्ञ. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत असत. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले, ते त्यांच्या आणि बंधू रामूअण्णा यांच्या जोडीमुळे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. एकाच घरात एक भाऊ यंत्राकडे पाहणारा, तर दुसरा माणसांकडे.

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगराच्या घडणीत काहीच खोट नव्हती. शेतकऱ्याचा विश्वास मिळवणे, त्याच्या बांधावर जाऊन नांगर चालवून दाखवणे, त्याला परवडेल अशी किंमत ठेवणे, हे सगळे काम वेगळ्याच विद्येचे होते आणि ती विद्या तेव्हा कुठल्याही शाळेत मिळत नव्हती. ती अनुभवानेच शिकावी लागली. पुढे औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

नांगराच्या वर्षीच, १९०३ साली, लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव जन्मले. १९२२ साली ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीत दाखल झाले आणि १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. त्यांच्याही चाळीस वर्षे आधी, १८८२ साली, पुण्याचे केशव मल्हार भट याच संस्थेत गेले होते. ते तिथले पहिले भारतीय विद्यार्थी मानले जातात.

एमआयटीत १९१४ पासूनच अभियांत्रिकीच्या जोडीला कारभार शिकवणारा स्वतंत्र अभ्यासक्रम होता. शंतनुरावांनी मात्र पदवी घेतली ती यंत्र अभियांत्रिकीची. किर्लोस्करवाडीच्या मुलाला धंदा परका नव्हताच. उधारी, मालाची टंचाई, न खपलेला माल आणि पगाराचा दिवस यांच्या गोष्टी तिथे घराघरात होत्या. तिथे मिळत नव्हते ते अद्ययावत यंत्रशास्त्र, आणि ते घ्यायला अमेरिका गाठावी लागली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभे राहिले. १९६२ साली अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीशी भागीदारी झाली. परदेशी कंपनीशी करार करताना समोरच्याचे यंत्रही कळायला हवे आणि त्याच्या अटींतली खोचही.

पालकांनी या उदाहरणातून एक साधी कसोटी घ्यावी. जे घरात मिळत नाही, ते शिकायला बाहेर जावे. दुकानदाराच्या किंवा कारखानदाराच्या मुलाला नफा-तोट्याचे बाळकडू मिळालेले असते, त्याला चांगली अभियांत्रिकी पुरी पडू शकते. पण शिक्षकाच्या, कारकुनाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाला ताळेबंद कसा वाचायचा हे घरी कोण शिकवणार? मराठी मध्यमवर्गात तर धंद्याविषयी बोलणेही अनेक वर्षे कमीपणाचे मानले गेले. अशा घरातल्या इंजिनिअर मुलाला व्यवसायाचे शिक्षण घ्यावेसे वाटले, तर त्याला पैशाचा हव्यास सुटला असे म्हणून हिणवू नये.

लूनाची गोष्ट

जनरल मोटर्सचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळणारे आल्फ्रेड स्लोन हे एमआयटीचेच १८९५ सालचे विद्युत अभियंते. त्यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून १९५२ साली तिथे औद्योगिक व्यवस्थापनाची शाळा निघाली आणि १९६४ साली तिला स्लोन यांचे नाव मिळाले. आपल्याकडेही याच सुमारास अहमदाबाद आणि कलकत्ता इथल्या व्यवस्थापन संस्था १९६१ साली, तर मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली सुरू झाली. जी विद्या पूर्वी दोन भाऊ आपसांत वाटून घेत, तिचे आता रीतसर शास्त्र झाले होते.

त्या काळात एमआयटीत गेलेल्यांपैकी एक म्हणजे अरुण फिरोदिया. मुंबईच्या आयआयटीतून ते विद्युत अभियंता झाले. पुढे एमआयटीत त्यांनी अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेतले आणि त्याच्या जोडीला स्लोन संस्थेत व्यवस्थापनाचेही. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना ही मोपेड बाजारात आणली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, असा तो काळ. लूना हलकी होती, पेट्रोल कमी पिणारी होती आणि इंजिन बंद पडले तर पायडल मारून घरी नेता येत असे. बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका, दूधवाला, कॉलेजकुमार असे सारे तिचे गिऱ्हाईक होते. असे वाहन बनवताना इंजिन किती लहान करावे हा प्रश्न इंजिनिअरचा आणि महिन्याच्या पगारातून हप्ता किती झेपेल हा प्रश्न व्यापाऱ्याचा. लूनासारख्या वाहनात हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. दोन्ही विद्या एकत्र शिकण्याचे खरे कारण हेच आहे. फिरोदियांना २०१२ साली पद्मश्री मिळाली.

पण गोष्ट इथेच थांबवली, तर ती अर्धवट ठरेल. काळ बदलला, मोटारसायकली आल्या, नव्या स्कूटर आल्या. २००८ साली कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्र समूहाने घेतला. उत्तम शिक्षण हाताशी असूनही बाजार कोणाची गय करत नाही. पुढे २०२४ साली विजेवर चालणारी लूना आली. ती आणणाऱ्या कायनेटिक ग्रीनच्या प्रमुख फिरोदियांच्या कन्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी आहेत. त्यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून एमबीए केले आहे. कारखान्याचा वारसा मुलाकडेच जायचा, ही समजूत किती घरांनी मागे टाकली आहे, हेही यानिमित्ताने पाहण्यासारखे आहे. मुलीला अभियांत्रिकी शिकवणाऱ्या पालकांनी तिच्या व्यवसाय शिक्षणाच्या वेळी हात आखडता घेऊ नये.

पुण्याचेच दुसरे उदाहरण राजीव बजाज यांचे. पुण्यात यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात ‘उत्पादन पद्धतींची अभियांत्रिकी’ हा विषय निवडला आणि १९९१ साली पदव्युत्तर पदवी मिळवली. कारखान्यात माल कसा फिरावा, वेळ कुठे वाया जातो, दर्जा आणि खर्च यांचा मेळ कसा घालावा, हे या विषयाचे क्षेत्र. वेगळी एमबीए न करताही अभियांत्रिकीच्या पोटातच व्यवसाय शिकता येतो, हा त्याचा अर्थ.

तिसरी वाट नागपूरला जन्मलेल्या विक्रम पंडित यांची. सोळाव्या वर्षी ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीच्या दोन पदव्या घेतल्यावर ते अर्थकारणाकडे वळले आणि १९८६ साली त्यात डॉक्टरेट मिळवली. २००७ ते २०१२ या खडतर काळात ते सिटीग्रुप या बलाढ्य बँकसमूहाचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. अभियांत्रिकीने लावलेली गणिताची शिस्त यंत्राला हात न लावताही कुठवर नेऊ शकते, हे त्यातून दिसते.

कोणती वाट धरावी?

एकत्र शिक्षणाच्या वाटा आता अनेक आहेत. सर्वांत मळलेली वाट म्हणजे आधी इंजिनिअर व्हायचे, दोन-तीन वर्षे नोकरी करायची आणि मग एमबीए. हिचा मोठा फायदा असा, की वर्गात शिकवलेले पडताळून पाहायला गाठीशी अनुभव असतो. शिवाय नोकरी करताना हेही कळते, की आपल्याला माणसांकडून काम करून घेणे खरोखर आवडते की आपण यंत्राशीच सुखी आहोत.

दुसरी वाट जोडपदवीची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९७७ साली अभियांत्रिकी आणि व्यवसाय या दोन्ही पदव्या बरोबरीने देणारा अभ्यासक्रम सुरू केला. एमआयटीने १९८८ साली उद्योगांच्या मदतीने असाच, पण पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. त्यात दोन वर्षांत एमबीए आणि अभियांत्रिकीची उच्च पदवी अशा दोन्ही मिळतात आणि काही महिने प्रत्यक्ष कारखान्यात काढावे लागतात. आपल्याकडेही पाच वर्षांचे असे अभ्यासक्रम आहेत. मुंबईच्या एनएमआयएमएसचा ‘एमबीए टेक’ हे त्यांतले एक परिचित नाव. यात वर्ष वाचते, पण सतराव्या-अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय पाच वर्षे निभवावा लागतो.

तिसरी वाट कमी खर्चाची. अभियांत्रिकीची पदवी करता करता व्यवस्थापन हा जोडविषय म्हणून घ्यायचा. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या नियमांत तशी सोय आहे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली. दोन्ही महाविद्यालयात जाऊन करायच्या असतील, तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नाहीतर एक वर्गात आणि दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येते. मात्र आपले विद्यापीठ ही मुभा प्रत्यक्षात देते का, हे आधी विचारून घ्यावे.

सही करण्यापूर्वी

दोन विद्यांचे कौतुक करताना त्यांचा भार विसरून चालणार नाही. अभियांत्रिकीची प्रात्यक्षिके, ड्रॉइंग, प्रकल्प यांतच विद्यार्थ्याचा दिवस संपतो. त्यावर दुसरी पदवी लादली, तर दोन्हीकडे जेमतेम गुण मिळण्याची भीती असते. परदेशात एकटा राहणारा, हाताने स्वयंपाक करणारा, घरच्यांना ‘सगळे ठीक आहे’ असे फोनवर सांगणारा मुलगा हा ताण बोलून दाखवेलच असे नाही.

खर्चाचेही तसेच. साडेसात लाखांपेक्षा मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि हे तारण म्हणजे बहुतेक वेळा राहते घर. शिक्षण चालू असताना हप्ता नसला, तरी व्याजाची आकारणी बहुधा चालूच असते. म्हणून सही करण्याआधी काही गोष्टी पडताळून पाहाव्यात. पदव्या खरोखर दोन मिळणार, की एकाच पदवीला लांबलचक नाव दिले आहे? संस्थेला त्या देशात मान्यता आहे का आणि परत आल्यावर ती पदवी इथे ग्राह्य धरली जाईल का? प्रत्यक्ष कारखान्यात काम करण्याचा काळ अभ्यासक्रमात आहे का? पदवीनंतर नोकरी मिळाली नाही, तर हप्ते कोण आणि कशातून भरणार?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मात्र मुलालाच विचारायचा आहे. दोन्ही शिकावेसे का वाटते? ‘सगळे मित्र करताहेत’, ‘नुसत्या इंजिनिअरला कोण विचारतो’ ही उत्तरे भीतीपोटी आलेली असतात आणि भीतीपोटी घेतलेली दुसरी पदवी पहिलीइतकीच निरुपयोगी ठरू शकते. अशा मुलाला आधी दोन वर्षे कुठेतरी उमेदवारी करू द्यावी. घरही तारणातून वाचेल आणि त्याचे त्यालाही उमगेल.

याउलट एखादी मुलगी सांगेल, की गावातल्या शेतकऱ्याला परवडेल असा लहान पंप बनवायचा आहे. तो कितीला पडेल, कोण घेईल आणि बिघडल्यावर दुरुस्त कोण करील, हे तिला शिकायचे आहे. तिला पंप बनवायला शिकवणारी कॉलेजे पुष्कळ मिळतील. तो दोन वर्षे खपलाच नाही, तर काय करायचे, हे शिकवणारे कॉलेजही तिला शोधू द्यावे आणि कर्जाच्या कागदावर निर्धास्तपणे सही करावी.